बंदुकीचा लिलाव आणि वाहतुकीचा नफा



प्रताप नगर ही गृहनिर्माण मंडळाची वसाहत. येथील नोकरदाराला बंदूक हा लिलावाचा माल वाटणार नाही. अमेरिकेत मात्र ती संगणकावर बोली लावून विकली जाते. काही विक्रेते आरंभीची बोली नाममात्र ठेवतात आणि नफा वाहतूकखर्चात दडवतात. शिवाय १९६८ च्या कायद्यामुळे परराज्यातील बंदूक परवानाधारक दुकानदाराकरवीच हाती पडते. त्याची दस्तुरी वेगळी! ग्राहक दोनदा नागवला जातो, आणि याला म्हणे मुक्त बाजार.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाला स्वतःची बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराचे नाव-पत्ता दंडाधिकाऱ्यास अथवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. व्यापाऱ्याला ही मुदत जाचक वाटेल. परंतु शस्त्र कोणाच्या हाती जाणार, हे तपासण्यास शासनाला तेवढाच अवधी मिळतो.