भार छातीचा, दुखणं पाठीचं

आवणीत वाकून पाठ सगळ्यांचीच दुखते. पण आवणी सरल्यावरही मान, खांदे, पाठ दुखत असेल, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडत असतील, छातीखाली घामाने सारखं चिघळत असेल, तर मूळ छातीच्या भारात असू शकतं. लाजू नका. आधी मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा घाला, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तरीही महिनोन्‌महिने त्रास राहिला, तर छाती लहान करायचं ऑपरेशन असतं. मुंबईत जे.जे., केईएममध्ये प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. व्रण राहतात, पुढच्या बाळाला अंगावरचं दूध कमी पडू शकतं. ते आधीच विचारून घ्या. आणि हाताला गाठ लागली, तर एक दिवसही थांबू नका.