कोरड्या मुलखातील परसबाग
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. यंदा चिटणिसांनी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास उभे केले, त्याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझ्या परसातील तोंडलीचा मांडव होय, हे मी जाणून आहे. गेल्या वैशाखात ते वर्गणीसाठी आमच्याकडे आले, मांडवाखाली बसून ताक प्याले, आणि वर्गणीबरोबर हे व्याख्यानही त्यांनी माझ्या पदरी घातले.

“आमच्याकडे पाणीच नाही, बाग कसली करावयाची?” हा प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. म्हणून प्रथम पाण्याचाच हिशेब पाहू. आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. सोलापुरास वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यात सप्टेंबरचा वाटा सर्वांत मोठा असतो. मृग कोरडा गेला की हातपाय गाळून बसणारा मनुष्य येथे फसतो, तो ह्याचमुळे. आता असे पाहा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. आपल्या घराचे छप्पर ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट धरले, तर वर्षाचे २७,५०० लिटर पाणी त्यावर पडते. पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे समजले, तरी २२,००० लिटर उरते. हे आपण गटारात सोडून देतो आणि फाल्गुनात टँकरची वाट पाहत बसतो.

इतके पाणी साठविण्याजोगी टाकी आपणांपैकी फारच थोड्यांजवळ असेल. परंतु पायाखालची जमीन हीच मोठी टाकी आहे. पन्हळीचे पाणी नळाने काढून परसातील दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात सोडावे व झाडे त्या खड्ड्याभोवती लावावीत. मात्र आपली काळी माती ओलीने फुगते व उन्हाने भेगाळते. म्हणून हा खड्डा घराच्या पायापासून निदान दहा फूट दूर असावा. बाग हिरवी झाली आणि भिंत तडकली, असा व्यवहार कोणी करू नये.

आता माझ्या फजितीची कथा सांगतो. नवे घर बांधले तेव्हा मी हौसेने पेरू, लिंबू व सीताफळ लावले आणि रोज संध्याकाळी प्रत्येकास तांब्या-दोन तांबे पाणी घालू लागलो. दोन वर्षे झाडे बरी वाढली. तिसऱ्या चैत्रात लग्नकार्यासाठी आम्ही दहा दिवस परगावी गेलो. परत येऊन पाहतो तो पेरू व सीताफळ वाळून कोळ झालेले! लिंबू कसेबसे जगले. पेरू उपटून पाहिला, तर मुळ्या सगळ्या वरच्या वीतभर मातीत जाळ्यासारख्या पसरलेल्या. रोज वरचेवर पाणी मिळत असल्यावर त्यांनी खाली जावे तरी कशासाठी? शेजारीच आईने लावलेला कढीलिंब होता. त्यास ती आठवड्यातून एकदाच, पण आळे भरून पाणी देई. तो टवटवीत उभा होता. मी तिला पुष्कळदा म्हटले होते, “आई, झाडाला असे उपाशी ठेवू नये.” ती काही बोलत नसे.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. नवे रोप पहिले पंधरा दिवस रोज भिजवावयाचे. पुढे पाण्याच्या पाळ्या हळूहळू लांबवावयाच्या, पण प्रत्येक पाळीस पाणी हातभर खोल जाईल इतके द्यावयाचे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. लिंबाच्या जातीच्या झाडांस दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बुंध्यास न लागता बाहेरच्या कड्यात राहील. बुंधा सतत ओला राहिल्याने डिंक्या रोग बळावतो.

भाज्यांसाठी मात्र मडक्यासारखा सेवक नाही. न भाजलेले नव्हे, चांगले भाजलेले, परंतु रंग-रोगण न लावलेले पाच-सहा लिटरांचे मडके घ्यावे, ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. भोवती वीतभर अंतरावर चवळी, गवार, दोडका, कारले ह्यांचे बी टोकावे. माती कोरडी झाली की पाणी मडक्याच्या छिद्रांतून पाझरते, ओली असली की थबकते. दोन-तीन दिवसांनी एकदा मडके भरले म्हणजे पुरे. विंधनविहिरीच्या जड पाण्याने एखाद्या वर्षात छिद्रे बुजतात. तेव्हा मडके काढून काथ्याने घासावे, तरीही पाझरले नाही तर त्यात निवडुंग लावावा.

सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनास १९३३ सालीच आरंभ झाला. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे कोरडवाहू शेतकऱ्याचे सूत्र परसासही लागू आहे. भेगा मोडल्या, तण काढले की जमिनीतील ओल टिकते. त्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले ह्यांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी, कारण आपल्याकडे वाळवी फार. एकदा मी आच्छादन थेट खोडास भिडविले आणि डाळिंबाचे एक झाड तिला नैवेद्य दिले.

सांडपाण्याविषयी दोन शब्द. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी, चूळ भरलेले पाणी, सारे आई एका घंगाळात जमवी आणि रात्री शेवग्याच्या बुंध्याशी ओती. त्या वर्षी मिलोच्या भाकरीबरोबर आम्ही शेवग्याच्या पाल्याची भाजी किती वेळा खाल्ली ह्याची गणती नाही. तेव्हा मला तिचा कंटाळा येई. आज त्या झाडाने घर जगविले असे वाटते. परंतु त्या काळी भांडी राखेने घासत. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, आणि तो साचला की काळी माती चिकट व निर्जीव होते. म्हणून कपड्यांचे पहिले पाणी सोडून द्यावे, खळबळल्याचे पाणी केळ, कर्दळ, शेवगा ह्यांना आलटून-पालटून द्यावे. कोथिंबीर, मेथी अशा पालेभाजीस ते कदापि घालू नये, आणि साठवून शिळेही करू नये.

बियाणे दरवर्षी विकत आणण्याचे कारण नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावरान बियाणे जपले, आणि शासनाने २०२० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. आपल्या आज्यांनीही हेच केले होते, पण पदके देणारे कोणी नव्हते. वेलावरचा पहिला निरोगी दोडका तोडू नये. तो वेलीवरच वाळू द्यावा आणि बी राखेत घोळून ठेवावे.

आता ज्या विषयासाठी मी खरोखर उभा आहे, तो मांडतो. आपल्या ज्ञातिगृहामागील मोकळ्या आवारात फरशी घालण्याचा ठराव कार्यकारी मंडळापुढे आहे. लग्नकार्यास जागा स्वच्छ राहील, चिखल होणार नाही, विंचूकिरडाचे भय उरणार नाही, असे त्याचे समर्थन ऐकतो. चिखलाचा मुद्दा मला मान्य आहे. मांडवापुरती फरशी अवश्य घालावी. परंतु पूर्वेकडील वीस फुटांचा पट्टा तरी मोकळा ठेवावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. सभागृहाचे छप्पर सुमारे २०० चौरस मीटर आहे. त्यावर वर्षाला पडणारे १,१०,००० लिटर पाणी आज रस्त्यावर जाते आणि उन्हाळ्यात वसतिगृहातील मुलांसाठी आपण वर्गणी काढून टँकर आणतो. फरशी झाली की उरलासुरला थेंबही मुरणार नाही. विंचू येतो तो अडगळीत. नीट राखलेल्या वाफ्यात त्यास आसरा कमी. डासांचे म्हणाल, तर खड्ड्यातील पाणी दिवसभरात मुरले पाहिजे. मुरले नाही तर खड्डा चुकला असे समजावे, आणि पिंपास फडके बांधावे. शेवगा, कढीलिंब, पपई, तोंडली एवढे त्या पट्ट्यात लावले, तरी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास आधार होईल. खोदाईचे व पहिल्या दोन वर्षांच्या देखभालीचे काम मी अंगावर घेण्यास तयार आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून दोन तरुण मदतीस द्यावेत. ठराव पुढील बैठकीत येणार आहे, तोवर सभासदांनी एकदा जागा पाहून घ्यावी.

मागील बाकावर चवळी, गवार व दोडक्याच्या बियांच्या पुड्या ठेविल्या आहेत. घरटी एकच घ्यावी. तोंडलीची छाटे हवी असतील, त्यांनी मृगाच्या सुमारास ओले फडके घेऊन आमच्याकडे यावे.