पहारा आणि पालकत्व



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून तुरुंगाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय माझ्यापर्यंत माझ्या वर्गातील एका मुलामुळे आला. त्याचे वडील खटल्याच्या निकालाची वाट पाहत कारागृहात होते. आई आजारी, म्हणून एकदा त्याला घेऊन मीच भेटीला गेलो. फाटकावरच्या शिपायाने माझे खिसे तपासले. मुलाने आणलेला सदरा उलगडून त्याच्या शिवणीसुद्धा चाचपल्या. मला राग आला. पुढे जाळीपाशी गेल्यावर उंची पुरेना, म्हणून मुलाला वडील दिसेनात. तेव्हा त्याच शिपायाने कोपऱ्यातले स्टूल आणून त्याला वर उभे केले. शिवणी चाचपणारे आणि स्टूल आणणारे हात एकाच माणसाचे होते.

तुरुंगाधिकाऱ्याचे काम नेमके हेच आहे. सकाळ-संध्याकाळ कैद्यांची मोजणी, बराकींची कुलपे, झडती, रात्रीचा पहारा यांत हयगय चालत नाही. पाते किंवा दोर आत गेला तर त्याचा पहिला बळी बहुधा दुबळा कैदीच ठरतो. म्हणजे झडतीही एक प्रकारची काळजीच आहे. परंतु नुसत्या कुलपाने काम संपत नाही. आत गेलेला बहुतेक प्रत्येक माणूस एक दिवस बाहेर येणार आहे. तो हातात एखादे काम घेऊन येतो की मनात सूड घेऊन, यावर तुमची-आमची सुरक्षितता अवलंबून आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. इ. स. ६२४ मधील बद्रच्या लढाईनंतर जे कैदी मदिनेत आणले गेले, त्यांच्यावर पहारा होताच; पण पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना चांगले वागवण्याची ताकीद दिली होती. पहारेकऱ्यांनी स्वतः खजूर खाऊन कैद्यांना भाकरी दिली, अशी हकिकत त्यांतल्याच एका कैद्याने पुढे सांगितली. ज्यांच्याजवळ सुटकेची रक्कम नव्हती पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे परंपरा सांगते. शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग विसरू नये.

हातात किल्ली आली की माणूस बिघडू शकतो, हेही आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. खलिफा हारून अल्-रशीदचे मुख्य काजी इमाम अबू यूसुफ यांनी खलिफाला सल्ला दिला, की कैद्याला उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे द्यावेत आणि अन्नासाठी रोख रक्कम थेट त्याच्या हाती द्यावी. भाकरी वाटायला दिली तर पहारेकरीच ती लांबवतील. ही भीती आजही खोटी नाही. तिहार तुरुंगात एका हेड वॉर्डरने पैशांसाठी कैद्याचा छळ केला, तेव्हा सुनील बत्रा या दुसऱ्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले आणि १९७९ साली निकाल दिला, की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत.

विश्वासाने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९३९ साली औंध संस्थानाने मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तेथे कैदी भिंतींविना, शेती करीत, कुटुंबासह राहू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून निघाला. तिहारमध्ये १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी यांनी शिकलेल्या कैद्यांकडून निरक्षर कैद्यांचे वर्ग चालवून घेतले. बद्रच्या कैद्यांची आठवण व्हावी, असाच तो उपक्रम होता.

अधिकाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार होती आणि कैदी होते सुमारे ५ लाख ७३ हजार. त्यांतले सुमारे चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. एवढ्या गर्दीत प्रत्येकाचे नाव, आजार आणि घरची काळजी लक्षात ठेवणे सोपे नाही. तरीही तसे करणारे अधिकारी आहेत, आणि त्यांची बढाई कोणी मारीत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी परीक्षा देऊन या खात्यात जावे, अशी माझी इच्छा आहे. तेथे करड्या शिस्तीची आणि कोमल मनाची, दोन्हींची गरज आहे.

पालकहो, तुमच्याकडे माझे वेगळे मागणे आहे. परत येताना तो मुलगा मला म्हणाला, “सर, वर्गात कुणाला सांगू नका.” मी सांगितले नाही, आजही त्याचे नाव घेणार नाही. पण त्याला ही भीती शिपायाची नव्हती, तुमची-माझी होती. ज्याचा बाप आत आहे, त्याच्याशेजारी आपल्या मुलाला बसू द्या. सुटून आलेल्या माणसाला सलाम करा, जमल्यास काम द्या. त्या शिपायाने एक स्टूल आणून दिले. आपण निदान तेवढे तरी करू या.