छपराची गोधडी



आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून आपल्याला ऊब दिली. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियाही अशाच गोधड्या शिवत आल्या. कापसाच्या मळ्यात राबलेल्या गुलामांच्या त्या वंशज. कामाचे जुने कपडे हेच त्यांचे भांडवल.

त्यांचा 'हाउसटॉप' म्हणजे घराचे छप्पर हा नमुना दिसायला सोपा, साधायला कठीण. मध्ये एक चौकोनी तुकडा. त्याच्या चारही बाजूंना पट्ट्या जोडत चौकोन वाढवायचा. प्रत्येक पट्टी एक सूत कमी भरली, तर आठ फेऱ्यांत चौकोन दोन इंचांनी आखडतो. आम्ही बँकेतली माणसे हे जाणतो. पहिल्या पानावरची चूक पुढच्या प्रत्येक बेरजेत ओढली जाते. म्हणून दर फेरीला मोजायचे आणि चुकले तर तिथेच उसवायचे.

या लोकांनी मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ नये, म्हणून १९६२ साली तेथील फेरीबोट बंद करण्यात आली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. पण या स्त्रिया थांबल्या नाहीत. १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभारली. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या.

मित्रांनो, घरच्या पेटीतली गोधडी आज उघडून पाहा. ती शिवणारीचे नाव आपण कुठे लिहून ठेवले आहे काय? नसेल तर आजच लिहू या.

जयभीम!