कायद्याची ओळख हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



मी वकील नव्हे. परंतु गेल्या श्रावणात मजवर ओढवलेला प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. भर दुपारी मोबाईलच्या पडद्यावर पोलिसी गणवेशातील एक गृहस्थ दिसू लागले. म्हणाले, "तुमच्या आधार कार्डावर गुन्हा नोंदला आहे. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. दार लावा, कोणाशी बोलू नका!" दार लावून मी दोन तास थरथरत बसले. आता पैसे पाठविणार, इतक्यात शेजारच्या वहिनी विरजण मागावयास आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी फोन बंद करविला, म्हणून वाचले!

मागाहून कळले, अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने, मोबाईल वा संगणकाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. त्वरा केली तर रक्कम वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो. यांतले मला त्या दुपारी काहीच ठाऊक नव्हते!

भगिनींनो, शिवणाचे, पाककलेचे वर्ग आपण चालवितोच. महिन्यातून एक दुपार जाणकार वकिलांना बोलावून या कायद्याच्या शिक्षणाला द्यावी, अशी माझी विनंती आहे. विरजण मागावयास शेजारीण प्रत्येक वेळी वेळेवर येईलच, असे नाही.