पहिली आलेल्या बाईचं पुढे काय होतं?

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



खेळातल्या धाडसी बायांविषयी बोल, असं मला सांगितलंय. मी बरीच वर्षं शाळेत मुलींना खेळ शिकवला. त्यामुळे नावांची लांबलचक यादी वाचून दाखवता आली असती. पण आज एकाच बाईविषयी बोलणार आहे. तिचं नाव अल्थिया गिब्सन. टेनिस हा तिचा खेळ. आपल्यापैकी अनेकींनी रॅकेट हातातसुद्धा धरलेली नसेल. पण तिच्या वाटेत ज्या भिंती होत्या, त्या आपल्याला लगेच ओळखू येतील.

अल्थिया १९२७ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात जन्मली. आईबाप दुसऱ्याच्या कापसाच्या शेतात वाट्याने राबणारे. ती लहान असतानाच हे कुटुंब न्यूयॉर्कला, हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत आलं. बाप मारकुटा होता. पोरगी शाळा बुडवायची, रस्त्यावर मारामाऱ्या करायची. बापाच्या भीतीने काही काळ ती छळ झालेल्या मुलांच्या निवाऱ्यात राहिली. अशा मुलीला आपण काय म्हणतो? वाया गेलेली. पण त्या वस्तीत मुलांना खेळता यावं म्हणून एक रस्ता गाड्यांना बंद ठेवत. तिथे ती लाकडी फळीने टेनिससारखा एक खेळ खेळायला लागली आणि बाराव्या वर्षी शहरात पहिली आली. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला काळ्या लोकांच्या टेनिस क्लबात घातलं. ही वर्गणी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

त्या काळी अमेरिकेत गोऱ्यांचं टेनिस वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. काळ्या खेळाडूंनी १९१६ साली आपली स्वतंत्र संघटना काढली होती. तिथली स्त्रियांची अजिंक्यपदाची स्पर्धा अल्थियाने १९४७ पासून सलग दहा वेळा जिंकली. दोन काळ्या डॉक्टरांनी तिचा भार उचलला. त्यातल्या एकाच्या घरी, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला राहून तिने अर्धवट सुटलेली शाळा पुरी केली. त्या गावात बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचं असा कायदाच होता.

आता गोऱ्यांची मुख्य राष्ट्रीय स्पर्धा. ‘काळ्यांना मज्जाव’ असं तिच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं! नियम एवढाच की आधी काही ठरावीक स्पर्धांत खेळून पात्रता मिळवा. आणि त्या स्पर्धा व्हायच्या ज्या क्लबांत, तिथे काळ्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणजे कागद स्वच्छ, आणि दाराला कुलूप. जातीच्या आणि बाईपणाच्या नावाने आपल्याकडे जे चालतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘आमची ना नाही, पण अर्ज नियमात बसत नाही’ हे वाक्य आपण किती कचेऱ्यांत ऐकलंय!

हे कुलूप हलवलं ते एका गोऱ्या बाईने. ॲलिस मार्बल ही पूर्वीची विजेती. तिने १९५० च्या जुलैमध्ये टेनिसच्या एका मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांच्या ढोंगावर बोट ठेवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्थियाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण मिळालं. तिथे खेळणारी ती पहिली काळी खेळाडू. दुसऱ्या फेरीत तिने विंबल्डनविजेत्या लुईस ब्रफला जेरीस आणलं होतं. निर्णायक सेटमध्ये अल्थिया पुढे असताना वादळ आलं, खेळ थांबला आणि दुसऱ्या दिवशी ती हरली.

यानंतर यश लगेच मिळालं असं समजू नका. मध्ये सहा वर्षं गेली. १९५५ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने तिला आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवलं. त्यात भारतही होता. एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची मिसिसिपीत हत्या होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. देशाची अब्रू जगात सावरायला काळी मुलगी चालत होती, पण तिच्याच देशातल्या अनेक क्लबांत ती चालत नव्हती.

१९५६ साली तिने फ्रान्समधली स्पर्धा जिंकली. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षं विंबल्डन आणि अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, दोन्ही जिंकल्या. इंग्लंडच्या राणीने तिच्या हाती विंबल्डनचा मान दिला. न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली.

इथे टाळ्या वाजवून बहुतेक भाषणं संपतात. मला मात्र इथून पुढचं सांगायचंय.

त्या काळात या स्पर्धांना बक्षिसाची रक्कम नसे. चषक मिळे, भाडं भरायला पैसे मिळत नसत. टेनिसमधला पैसा खुलेपणाने आला तो १९६८ नंतर. तोवर अल्थियाने पोटासाठी गाण्याची तबकडी काढली, सिनेमात छोटं काम केलं, बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रदर्शनी टेनिस खेळली. १९६४ पासून ती स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली. तिथेही ती पहिली काळी बाई. काही क्लब तिला आत कपडे बदलू देत नसत, मग ती गाडीत बदलायची. म्हणजे विंबल्डन दोनदा जिंकूनही पुन्हा दाराबाहेरच! सत्तरच्या दशकात न्यू जर्सी राज्याने तिला क्रीडा आयुक्त केलं. पद होतं, अधिकार आणि पैसा नव्हता. वर्षभरात तिने राजीनामा दिला.

तिच्यावर तिच्याच समाजातून टीकाही झाली. ती वर्णभेदाविरुद्ध पुरेसं बोलत नाही, असं काळी वर्तमानपत्रं म्हणत. तिचं म्हणणं होतं, मी खेळाडू आहे, मला माझ्या खेळावरून ओळखा. हे आपल्याला कदाचित रुचणार नाही. पण मला वाटतं, जिने दार उघडलं तिनेच झेंडाही धरावा, भाषणंही करावीत आणि सगळ्यांना आवडेल असंच वागावं, हा हट्ट आपण तरी धरू नये. गोऱ्या खेळाडूंवर असं ओझं कोणी टाकत नव्हतं.

नव्वदच्या दशकात अल्थिया आजारी आणि कफल्लक होती. औषधाला, भाड्याला पैसे नव्हते. तिने फोन केला तो अँजेला बक्स्टनला. अँजेला ही इंग्लंडची ज्यू खेळाडू. ज्यू म्हणून तिलाही क्लबांनी दूर ठेवलेलं. १९५६ साली या दोघींनी मिळून विंबल्डनची दुहेरी स्पर्धा जिंकली होती. अँजेलाने टेनिसच्या मासिकातून हाक दिली आणि जगभरातून पैसे आले. हार्लेममधल्या वर्गणीसारखीच ही दुसरी वर्गणी. २००३ साली अल्थिया गेली. न्यूयॉर्कमध्ये जिथे आता ती राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथे २०१९ साली तिचा पुतळा बसला. २०२५ साली तिचा चेहरा अमेरिकेच्या नाण्यावर आला. जिवंतपणी मात्र नाणी मोजायची वेळ तिच्यावर आली होती.

आणखी एक हिशेब सांगते. १९५८ नंतर पुन्हा एका काळ्या अमेरिकन बाईने अशी मोठी एकेरी स्पर्धा जिंकली ती १९९९ साली, सेरेना विल्यम्सने. मध्ये ४१ वर्षं! एक जण आत गेली म्हणजे वाट सगळ्यांना मोकळी झाली, असं नसतं. मैदान, प्रशिक्षण, प्रवासाचा खर्च या गोष्टी ज्यांच्या हाती होत्या, त्यांच्याच हाती राहिल्या.

म्हणून संघटनांमधल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. आपणही ‘पहिली’ घडवतो. पहिली सरपंच, पहिली रिक्षावाली, पहिली कुस्तीगीर. तिचा सत्कार करतो, फोटो छापतो. तिची पाच वर्षांनी काय स्थिती आहे, कर्ज कोण फेडतंय, घरात मार खातेय का, हे कोणी विचारायला जातं का? प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या अशा बायांची नावं वहीत लिहून काढावीत आणि वर्षातून दोनदा तरी त्यांच्या घरी जावं. तिच्या मागून दुसरी कोण येतेय आणि तिला काय कमी पडतंय, तेही त्याच वहीत लिहावं. हे सत्कारापेक्षा कंटाळवाणं काम आहे, पण अल्थियाला जगवलं ते याच कामाने.

एवढं बोलून थांबते.