शांतता समितीत आपली जागा



१९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने पहिली शांतता मोहीम पाठवली, ती युद्धबंदीवर नजर ठेवायला. पुढे लढाया देशांच्या आत, वस्त्यांत शिरल्या. मग सामान्य माणसांना वाचवणं हेही तिचं काम झालं. ऑक्टोबर २००० मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ केला: शांततेचे निर्णय घेताना स्त्रिया हव्यात. २००७ मध्ये भारताची महिला पोलीस तुकडी लायबेरियात गेली. राष्ट्रसंघाच्या मोहिमेतली अशी ती पहिलीच.

पण शांतता राखणं हे फक्त परदेशातलं काम नाही. भिवंडी आपल्यासारखीच यंत्रमागांची. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तरी भिवंडी शांत राहिली. शेजाऱ्यांना दंगलीआधी एकत्र बसवावं लागतं, ते असं.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेची आग इचलकरंजीपर्यंत आली होती. संचारबंदीत माग थांबले की चूल कशी पेटवायची, हे आपल्यालाच ठाऊक. मग सणांआधीच्या शांतता समितीत आपण किती जणी असतो? यंदा दोन्ही समाजांतल्या बायका मिळून पोलीस ठाण्यात जाऊ आणि आपली नावं देऊ. बंदोबस्ताला नव्हे, निर्णयाला.